समोरचा पडदा कोणता?

वार्षिक अंकासाठी लेखन मागविणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा तिच्यात 'अभ्यासपूर्ण' हा शब्द दोनदा अधोरेखित केलेला होता. माझे विषय मराठी वाङ्मय आणि अर्थशास्त्र. साहजिकच झाडीबोलीवर किंवा तेंदूपत्त्याच्या मजुरीवर मी काही लिहावे अशी सरांची अपेक्षा असणार. मजुरीचा विषय या लेखात येतो, नाही असे नाही. परंतु तो आडवाटेने येतो. गेले वर्षभर ज्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला तो असा : मोबाइलवरील अ‍ॅपची तपासणी माणसाऐवजी दुसऱ्या एका आज्ञावलीकडून करून घेताना, या क्षणी समोर कोणता पडदा आहे हे त्या आज्ञावलीला कळावे कसे?

प्रश्न वाचून काही मित्रांना हसू येईल. समोर जे आहे ते दिसतेच की! पण आज्ञावलीला डोळे नसतात. तिला विचारून घ्यावे लागते. आणि कोणाला विचारले, केव्हा विचारले, यावर मिळालेले उत्तर खरे की खोटे हे ठरते. आमच्या बाबतीत उत्तर खोटे आले, आणि त्यापायी एका बाईंनी दिवसभर राबून आणलेली तेंदूची २१,००० पाने एका संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक प्रत्यक्ष ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडावे लागले. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहारही स्वतः पाहू लागल्या. व्यवहार स्वतःचा म्हणजे हिशेबही स्वतःचा. मे महिन्यातले ते मोजके दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडून आणायची, दुपारी घरातल्या लहानथोरांनी मिळून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. एका पुड्यात ७० पाने. १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. दर शंभर पुड्यांवर सांगतात, म्हणून फळीवरची भाषा शेकड्याची. मुन्शी वहीत आकडा लिहितो आणि त्या आकड्यावर घरात येणारा पैसा अवलंबून असतो.

माझा मामेभाऊ नागपूरला संगणक शिकला. मी त्याला दादा म्हणतो. आपल्या गावच्या ग्रामसभेसाठी त्याने सुट्टीत एक छोटे अँड्रॉइड अ‍ॅप लिहिले : कुटुंबाचे नाव निवडायचे, प्रत्येक शेकड्याला एक मोठे बटन दाबायचे, शेवटी 'जमा' म्हणायचे. आपल्या जंगलांत मोबाइलवर नोंदी ठेवणे ही काही नवलाई राहिलेली नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांची एम-स्ट्राइप्स ही प्रणाली २०१० पासून आहे; २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत तिचे मोबाइल अ‍ॅप वापरले गेले, आणि आपल्या ताडोबा-अंधारीत गस्तीवरचे वनरक्षक अशा नोंदी करीत हिंडतात. दादाला तेवढे मोठे काही करायचे नव्हते. वहीला जोड द्यायची होती. मला त्याने मदतीला घेतले ते, खरे सांगायचे तर, बटने पुन्हा पुन्हा दाबून पाहण्याच्या कंटाळवाण्या कामासाठी.

हे काम माणसाने करू नये, असे दादाचे मत. दर बदलानंतर तेच वीस-पंचवीस पडदे उघडायचे, तीच बटने दाबायची. तिसऱ्या दिवशी माणूस न पाहताच 'ठीक आहे' म्हणू लागतो. म्हणून अ‍ॅपशेजारी चाचणीची दुसरी आज्ञावली लिहितात. ती अ‍ॅप उघडते, बटन दाबते, आकडा वाचते आणि अपेक्षित आकड्याशी ताडून पाहते. जुळला तर हिरवी खूण, नाही तर लाल. अँड्रॉइडच्या चाचणीसाठी गूगलचे एस्प्रेसो हे साधन २०१३ पासून प्रचारात आहे, तेच आम्ही घेतले होते.

आता पडद्याविषयी. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपच्या एका पडद्यामागे जी वस्तू उभी असते तिला 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. ही कल्पना मला पुस्तकातून समजली नाही, झाडीपट्टीच्या नाटकाने समजली. धान कापणी आटोपली की वडश्याच्या मंडळ्यांची नाटके गावोगाव रात्रभर चालतात, आणि लहानपणी आम्ही पोरे पुढे बसण्याऐवजी विंगेत घुसून उभे राहायचो. तिथून दिसते की पात्राच्या अवस्था किती! रंगवून तयार झालेले पात्र, विंगेत येऊन उभे राहिलेले पात्र, मंचावर उजेडात आलेले पात्र, दुसरे कोणी पुढे आल्यामुळे मंचावरच थबकलेले पात्र, विंगेत परतलेले पात्र, आणि रंग पुसून मोकळे झालेले पात्र. अ‍ॅक्टिव्हिटीच्याही अशाच अवस्था आहेत : क्रिएटेड, स्टार्टेड, रिझ्यूम्ड, पॉज्ड, स्टॉप्ड, डिस्ट्रॉइड. उजेडात असून संवाद घेणारी ती रिझ्यूम्ड. 'समोरचा पडदा कोणता' या प्रश्नाचा नेमका अर्थ एवढाच, की या क्षणी रिझ्यूम्ड अवस्थेत कोण आहे.

पहिल्या हंगामात अ‍ॅप फळीवर गेले तेव्हा आमच्या सर्व चाचण्या हिरव्या होत्या. मीही त्या दिवशी तिथे होतो. संध्याकाळ होत आलेली, पुड्यांच्या रांगा लागलेल्या. एका वयस्क बाईंचे तीन शेकडे मोजून झाले. मुन्शीने तीनदा बटन दाबले, पडद्यावर ३ आला. बाईंना लिहिता-वाचता येत नसले तरी आकडे ओळखता येत होते, त्या म्हणाल्या, "दाखव बरं." मुन्शीने मोबाइल त्यांच्याकडे वळवला. वळवताना तो आडवा झाला, आणि आडव्या झालेल्या पडद्यावर शून्य!

"आत्ता तं तीन होते, कुठं गेले जी?" बाईंनी विचारले. रागाने नव्हे. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांच्या आवाजात असे काही होते की हे आपल्याला नवे नाही. मोजणीत आपले कमी भरणे, आणि ज्याच्या हातात वही त्याचेच खरे होणे, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले असणार. नशिबाने कागदाची वही शेजारीच होती, तिच्यात तीन शेकडे लिहिले होते, आणि नुकसान कोणाचेच झाले नाही. पण तीनशे पुड्यांची पाने होतात २१,०००, आणि ती मोबाइल नुसता आडवा केल्याने गेली, हे रांगेतल्या सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर मुन्शीने मोबाइल खिशात घातला तो हंगाम संपेपर्यंत काढला नाही.

दोष कुठे होता हे दादाला लगेच कळले. मोबाइल आडवा केला की अँड्रॉइड सर्वसाधारणपणे त्या अ‍ॅक्टिव्हिटीचा अंत करते आणि आडव्या मांडणीसाठी तीच अ‍ॅक्टिव्हिटी नव्याने निर्माण करते. जुन्या वस्तूत जे जपून ठेवायला सांगितलेले नसते ते तिच्याबरोबर जाते. आमचा आकडा असाच न जपलेला होता. हे अँड्रॉइड शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात भेटणारे प्रकरण आहे. दादालाही ते ठाऊक होते. इतके ठाऊक, की त्याची चाचणीच त्याने लिहून ठेवली होती! तीनदा बटन दाब, पडदा आडवा कर, आकडा वाच, ३ आहे का पाहा. ही चाचणी शंभरदा धावली होती आणि शंभरदा हिरवी झाली होती.

मग चुकीच्या अ‍ॅपवर हिरवी खूण उमटली कशी? या प्रश्नावर आम्ही दोन रात्री काढल्या. उत्तर सापडले ते चाचणीच्या पहिल्या ओळीत. अ‍ॅप उघडताच समोर आलेली अ‍ॅक्टिव्हिटी दादाने एका चलात धरून ठेवली होती आणि पुढे प्रत्येक वेळी तिच्याकडूनच आकडा वाचला होता. पडदा आडवा झाल्यावर मंचावर नवे पात्र आले, तोच वेश, तेच नाव, पण संवाद विसरलेले, आणि आमची चाचणी मंचामागे जाऊन, रंग पुसून बसलेल्या जुन्या पात्राला विचारीत होती, "तुझा आकडा किती?" ते प्रामाणिकपणे सांगत होते, "तीन." वास्तविक अशी टाकून दिलेली वस्तू काही वेळाने स्मृतीतून पुसली जाते. परंतु चाचणीनेच तिचा हात धरून ठेवल्यामुळे तीही सोय उरली नव्हती. जो पडदा कोणालाच दिसत नव्हता, तो आम्ही मनोभावे तपासत होतो.

तेव्हा पहिला धडा : समोरचा पडदा धरून ठेवायचा नसतो, हवा असेल त्या क्षणी नव्याने विचारायचा असतो. विचारायचे कोणाला? चाचणीच्या साधनसंग्रहात एक नोंदवहीच आहे. तिचे लांबलचक नाव 'अ‍ॅक्टिव्हिटी लाइफसायकल मॉनिटर रजिस्ट्री'. अमुक अवस्थेत सध्या कोणकोणत्या अ‍ॅक्टिव्हिटी आहेत, असे तिला विचारता येते. रिझ्यूम्ड अवस्थेतल्यांची यादी मागायची आणि तीतली पहिली घ्यायची, की झाले. मी उत्साहाने तसे लिहिले आणि चाचणी लाल होऊन कोसळली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अ‍ॅपचे पडद्यावरचे सारे काम एकाच धाग्यावर चालते, त्याला मुख्य धागा म्हणतात. चाचणी मात्र दुसऱ्या धाग्यावर धावते. पात्रांची ये-जा मुख्य धाग्यावर होत असते, म्हणून ती नोंदवहीही तिथूनच वाचावी असा नियम आहे. बाहेरच्या धाग्यावरून विचारले तर ती उत्तर न देता चूक दाखवते. हा नियम मला प्रथम जाचक वाटला. पण विंगेतल्या पोराने पडदा उचलून पाहावे आणि नेमके तेव्हा पात्र अर्धे आत, अर्धे बाहेर असावे, असे होऊ नये म्हणून तो आहे. उपाय सोपा आहे. आपला प्रश्न एका छोट्या पुडक्यात बांधून मुख्य धाग्याकडे द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. इन्स्ट्रुमेंटेशन या वर्गात 'रन ऑन मेन सिंक' नावाची सोय त्यासाठीच आहे.

दुसरी अडचण वेळेची. 'आडवा हो' असे सांगितल्यावर मोबाइल तत्क्षणी आडवा होत नाही. घाईने विचारले तर जुनीच अ‍ॅक्टिव्हिटी उजेडात सापडते, आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना याच्या उलट घडते : पहिला मागे सरलेला असतो, दुसरा अजून पुढे आलेला नसतो, आणि यादी रिकामी येते. एस्प्रेसो स्वतःहून मुख्य धागा मोकळा होईपर्यंत थांबते, हा त्याचा मोठा गुण; पण धाग्याबाहेर, प्रणालीच्या पोटात अजून काही शिजते आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून काही सेकंदांची मर्यादा घालून पुन्हा पुन्हा विचारावे लागते, आणि मर्यादा संपली तर चाचणी नापास करावी लागते.

नापास करावी लागते हे मी मुद्दाम लिहिले, कारण इथे मी स्वतः एक शहाणपणा केला होता. यादी रिकामी आली तर मागच्या वेळी मिळालेला पडदाच चालवून घ्यावा, अशी एक ओळ मी घुसडली. चाचण्या पटापट हिरव्या झाल्या. दादाने माझी पाठ थोपटली. आठवड्याभराने दुसऱ्या, कोऱ्या मोबाइलवर अ‍ॅप चालवले तेव्हा ते पहिल्याच पायरीवर अडून बसलेले. चाचण्या मात्र पुढे चालल्याचे सांगत होत्या. झाले होते असे, की फळीचे ठिकाण नोंदवण्यासाठी अ‍ॅप स्थान जाणून घेण्याची परवानगी मागते. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, अशी परवानगी वापरतेवेळी विचारली जाते. विचारणारी ती चौकट आमच्या अ‍ॅपची नव्हे, प्रणालीची. ती पुढे आली की आमची अ‍ॅक्टिव्हिटी पॉज्ड होते आणि रिझ्यूम्डची यादी रिकामी येते. ते रिकामेपण हेच खरे उत्तर होते : समोर आपला कोणताच पडदा नाही! मी त्या उत्तरावर जुना पडदा पांघरला. ती ओळ मी खोडली. पण दादाच्या त्या फळीवरच्या चुकीला मी आठवडाभर हसलो होतो, ते आता आठवले की कसेसेच होते.

अशा परक्या चौकटीपुढे एस्प्रेसोचे काही चालत नाही. त्याची नजर आपल्या अ‍ॅपपुरती. तिथे युआयऑटोमेटर हे दुसरे साधन लागते. ते प्रेक्षकांत बसून पाहते. कोणत्या अ‍ॅपची खिडकी समोर आहे हे ते सांगू शकते आणि प्रणालीच्या चौकटीतले 'परवानगी द्या' हे बटनही दाबू शकते. मात्र अ‍ॅक्टिव्हिटीच्या पोटात काय आहे, हे त्याला दिसत नाही. संगणकाला जोडलेल्या मोबाइलला तारेवरून 'डम्पसिस' ही आज्ञा देऊन समोरच्या अ‍ॅक्टिव्हिटीचे नाव काढून घेता येते, आणि अ‍ॅप्पियम वापरणाऱ्यांना तेच नाव एका आज्ञेत मिळते. चुकीचा शोध घेताना हे मार्ग फार उपयोगी पडतात. एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे : अ‍ॅपने स्वतःच उघडलेली साधी सूचना-चौकट, उदाहरणार्थ 'जमा करायचे का?', ही त्याच अ‍ॅक्टिव्हिटीवर असते आणि मागची अ‍ॅक्टिव्हिटी रिझ्यूम्डच राहते. म्हणजे दोन चौकटी डोळ्यांना सारख्या, पण नोंदवहीत दोहोंचा अर्थ निराळा.

२०१८ पासून 'अ‍ॅक्टिव्हिटी सिनॅरिओ' नावाची सोय आली आहे आणि नव्याने लिहिणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. ती पडदा उघडते, हवी ती अवस्था येईपर्यंत थांबते, आणि आपले काम मुख्य धाग्यावर नेऊन त्या क्षणीची जिवंत अ‍ॅक्टिव्हिटी आपल्या हाती देते. काम संपले की ती परत करायची. बाहेर चलात धरून ठेवायची नाही. मोबाइल न फिरवताही पडदा मोडून पुन्हा बांधण्याची, म्हणजे फळीवर घडले ते खोलीत घडवण्याची आज्ञा तिच्यात आहे. ती पहिल्यांदा वापरली त्या रात्री आमची जुनी, शंभरदा हिरवी झालेली चाचणी एकदाची लाल झाली : अपेक्षित ३, मिळाले ०. दादा खुर्चीवरून उठून अंगणात गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. या सोयीची मर्यादाही सांगायला हवी. तिने उघडलेल्या पडद्यावरून अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅक्टिव्हिटीवर गेले, तर ती दुसरी तिच्याकडून मिळत नाही. तिथे पुन्हा नोंदवहीकडे वळावे लागते.

इथवर आल्यावर दादाचा आणि माझा मतभेद झाला, तो अजून मिटलेला नाही. त्याचे म्हणणे, समोर कोणती अ‍ॅक्टिव्हिटी आहे हे चाचणीने नेहमी पडताळावे. माझे म्हणणे, शक्यतो विचारूच नये. आजकाल पुष्कळ अ‍ॅपांत एकच अ‍ॅक्टिव्हिटी असते आणि तिच्या आत निरनिराळी पाने बदलत राहतात; तिथे अ‍ॅक्टिव्हिटीचे नाव कळून हाती काय लागणार? सारे नाटक एकाच मंचावर! त्यापेक्षा पडद्यावर कुटुंबाचे नाव दिसते आहे का, त्याखाली ३ हा आकडा दिसतो आहे का, हे एस्प्रेसोला पाहायला सांगावे. ते दर वेळी समोरच्या पडद्यातच शोधते, धरून ठेवलेल्या वस्तूत नाही. आमची मूळ चाचणी अशी लिहिली असती तर पहिल्याच दिवशी लाल झाली असती. त्या बाईंनी तरी काय केले? अ‍ॅक्टिव्हिटीचे नाव विचारले नाही, "दाखव बरं" म्हटले. यावर दादा म्हणतो की परवानगीच्या चौकटीसारखी प्रकरणे नुसत्या आकड्यावरून उलगडत नाहीत, मागे कोण उभे आहे हे पाहावेच लागते. त्यातही तथ्य आहे, आणि म्हणून आमच्या चाचण्यांत आता दोन्ही प्रकार आहेत.

अ‍ॅपमधली दुरुस्ती मात्र दोन ओळींत सांगण्याइतकी साधी. अँड्रॉइड अ‍ॅक्टिव्हिटीचा अंत करण्यापूर्वी तिची स्थिती बांधून ठेवायची संधी देते; तेवढ्यावर न थांबता दादाने प्रत्येक शेकड्याची नोंद बटन दाबताक्षणी मोबाइलच्या साठ्यात लिहायची व्यवस्था केली, म्हणजे पडदा मोडो, फोन येवो, की मोबाइल बंद पडो, आकडा जागेवर.

मागच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या फळीवर गेलो. मुन्शी नाखुशीनेच तयार झाला. त्या बाई आल्या, त्यांचे अडीच शेकडे झाले. मुन्शीने मोबाइल पुढे केला तर त्यांनी तो त्याच्या हातातून घेतला, आडवा केला, उभा केला, पुन्हा आडवा केला आणि आकडा निरखून पाहिला. मग मोबाइल परत देऊन म्हणाल्या, "हो, आहे. आता वहीत लिही."